दादाभाऊचं मनगट आणि गावभरचे पाय

माउली, अशा जवळ सरका. त्या खांबाशी बसू नका, तिथं पंख्याचं वारं पोचत नाही आणि माझा आवाजही पोचायचा नाही. महाराजांची गाडी आळेफाट्याच्या गर्दीत अडकलीय असं आत्ताच माइकवर सांगितलं, म्हणजे कीर्तन काही लगेच उभं राहत नाही. मृदंगवाला अजून मृदंगाच्या तोंडाला लावायची कणीक मळतोय. तोवर तुम्हाला माझ्या भावाच्या मनगटाची कथा सांगते. निरूपणासारखी गोड नाही ती. ऐकताना मधेमधे कपाळावर हात मारून घ्यावासा वाटेल. खुशाल मारा. मी दीड वर्ष तेच करत होते.

मी चिमाबाई. दादाभाऊ माझा पाठचा भाऊ. द्राक्षाची कलमं बांधायचं काम करतो. रानटी खुंटाला चीर द्यायची, चांगल्या जातीची काडी चाकूनं पाचरीसारखी तासायची, चिरेत बसवायची आणि वरून पट्टी आवळायची. सांगायला सोपं आहे. पण ती काडी एका झटक्यात तासावी लागते. दुसरा झटका मारला की तोंड खडबडीत होतं, मग ती खुंटाला धरत नाही. दादाभाऊचा एकच झटका असायचा. येडगावपासून इकडं आळ्यापर्यंत त्याला भाद्रपदात बोलावणी यायची. सगळी करामत उजव्या मनगटात. घर त्या मनगटावर चालायचं म्हणा ना.

मनगट सोडून बाकीचा माणूस मात्र नुसता साखरेचा. कीर्तन म्हटलं की ह्याला भूक नाही, झोप नाही. कुणी माळकरी दिसला की गेलाच पायाशी. म्हातारं, तरणं, कालचं पोरगं, सगळे सारखेच. एकदा एसटीच्या कंडक्टरच्या गळ्यात माळ दिसली, तर गाडी थांबवून धरली ह्यानं. मागनं लोक ओरडतात, "अहो पावणं, देव पुढच्या स्टॉपला बी हाय, चढा आता!"

तर अशा ह्या माणसाला भिमाजी नावाचा एक गुरुबंधू आहे, आहुप्याचा. दोघांनी एकाच महाराजांच्या हातून माळ घातली. चैत्रात तिकडं सप्ताह होता म्हणून हा गेला. सप्ताह उरकल्यावर गुपचूप घरी यावं की नाही? पण भिमाजीच्या घरी बाळहिरडा, म्हणजे औषधाला जातात ती कोवळी हिरड्याची फळं, झाडावरून काढायचं काम चाललेलं. ती डोंगरातली माणसं, चालायला यायच्या आधी झाडावर चढतात. हा द्राक्षाच्या मांडवाखाली मान वाकवून जन्म काढलेला. ह्याला ठाऊक असलेली सगळ्यात मोठी उंची स्टुलाची. तरी चढला. का? तर "भिमाजीचं अन्न खाल्लं आक्का, रिकामं कसं बसायचं?"

दुपारी भिमाजीचा फोन. "आक्का, घाबरू नगा. फांदी मोडली. दादाभाऊ साबूत हाय."

साबूत कसला! पडताना माणूस हात पुढं करतो, तसा ह्यानं केला, आणि सगळं अंग त्या एका तळहातावर आलं. मनगट वांग्यासारखं सुजलं. तालुक्याच्या गावी नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलेलं नाही. पण पंधरा दिवसांत दुखायचं थांबलं नाही, तर परत या." माउली, या दोन वाक्यांतलं आमच्या घरानं फक्त पहिलं घरी आणलं. दुसरं तिथंच खुर्चीवर विसरलं. हाड मोडलेलं नाही म्हणून रत्नानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, देवापुढं नारळ फोडला.

मग सुरू झालं गाव. हाड मोडलेलं नाही म्हणजे मुरगळलंय, आणि मुरगळल्यावरचा उपाय महाराष्ट्रात कुणाला येत नाही? एकानं निरगुडीचा पाला शेकून बांधायला सांगितला. दुसऱ्यानं आंबेहळद. तिसरा म्हणाला, कोमट तेलानं चोळा, पण उलटं चोळा. शेजारचा गेणू तर रोज यायचा आणि मनगट हातात घेऊन गाडीचा गिअर टाकल्यासारखं हलवून बघायचा. "लई आखडलंय राव," म्हणायचा, "मोकळं करायला पायजे." शेवटी हे लोक त्याला एका हाडवैद्याकडं घेऊन गेले. त्यानं बोटं धरून असा हिसका दिला की दादाभाऊ म्हणतो, मला डोळ्यापुढं पंढरी दिसली. चांगली दिसली म्हणतो वर. हसतो! मला त्याच्या त्या हसण्याचाच संताप येतो.

सूज उतरली. वरून हात झाला पहिल्यासारखा. पण मूठ आवळली की मनगटाच्या वरच्या अंगाला कळ यायची, आणि हात टेकून उठायला गेला की आत 'कट्' असा आवाज. मला लांबून ऐकू यायचा. मी विचारलं की म्हणायचा, "वय झालं आक्का, टाळ वाजतात आतले."

भाद्रपद आला. येडगावच्या एका बागेत पहिलं बोलावणं. पहिल्याच काडीला ह्यानं झटका मारला, आत काहीतरी सरकलं आणि चाकू सुटून पायाशी पडला. दुसऱ्यांदा धरला, जोरच लागेना. त्या दिवशी जेवढ्या काड्या त्यानं बसवल्या, त्यातल्या निम्म्याच्या वर वाळल्या. बागवाला भला माणूस, काही बोलला नाही. पण पुढच्या दिवशी दुसरा माणूस आणला. दादाभाऊ घरी येऊन ओसरीवर बसला तो उजवा हात मांडीवर पालथा ठेवून. जसं काही तो हात दुसऱ्या कुणाचा आहे आणि हा फक्त राखण करतोय.

मग मी काही कुणाचं ऐकलं नाही. नारायणगावात पुण्याचे एक हाताचे डॉक्टर येतात असं कळलं होतं, तिथं त्याला ओढत नेलं. त्यांनी त्याला मूठ घट्ट आवळायला लावली आणि तशा मुठीचा एक्स-रे काढला. मग पडद्यावर दाखवलं. मनगटात म्हणे आठ लहान लहान हाडं असतात, चिंचोके मांडल्यासारखी, आणि ती चिवट दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेली असतात. पडताना दादाभाऊचं हाड नाही मोडलं, दोन हाडांमधली दोरी तुटली. साध्या एक्स-रेत ते दिसलं नव्हतं. मूठ आवळली की त्या दोन हाडांत फट पडत होती, दात पडलेल्या पोराच्या तोंडात असते तशी. माझ्यासारख्या अडाणी बाईलासुद्धा दिसली.

"लवकर आला असतात तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाले.

"आलो व्हतो की," दादाभाऊ म्हणाला, "वेगळ्या वैद्याकडं."

मी त्याला टेबलाखालून चिमटा काढला.

पुण्यात ऑपरेशन झालं. तुटलेली दोरी नवी करून बांधली, हाडं जागेवर राहावीत म्हणून आत तारा घातल्या, वरून प्लास्टर. डॉक्टरांनी निघताना आम्हा तिघांना उभं करून बजावलं. नवी दोरी धरायला वेळ लागतो. तारा निघाल्या तरी पुढं कित्येक महिने या तळव्यावर भार द्यायचा नाही. "कलमंच करता ना तुम्ही? मग तुम्हाला मी काय सांगू. कलम धरेपर्यंत हलवायचं नाही. पुन्हा सरकलं, तर हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकावी लागतील. दुखणं थांबेल, पण मनगट वाकणार नाही." म्हणजे चाकूचा झटका संपला. दादाभाऊला हे चांगलं कळलं. कलमाची भाषा होती ती.

आणि त्या दिवसापासून आम्ही घरात कायदा लावला. म्हशीला हात लावायचा नाही. बादली उचलायची नाही. मोटरसायकल नाही, नांगर नाही, फावडं नाही. रत्ना तर त्याला ताटसुद्धा उचलू देईना. आणि माउली, तो ऐकायचा! तेच तर. ऐकणारा माणूस आहे तो. दाराची कडीसुद्धा डाव्या हातानं लावायचा. तारा निघाल्या, प्लास्टर गेलं, मनगटाला ताठ पट्टा आला, चिकटपट्टी उघडताना खर्रकन वाजते तसला. तो पट्टा झोपेतसुद्धा घालायचा.

व्यायामाला जुन्नरला जायचं होतं. तिथं तहरीम नावाची पोरगी आहे, फिजिओ. नवाबभाई बांगडीवाल्यांची लेक. आमच्या तीन पिढ्यांनी त्यांच्याकडं चुडे भरले. ती पोरगी दिसायला मोगऱ्याच्या कळीएवढी, पण बोलायला लागली की हवालदार. दादाभाऊला म्हणायची, "काका, बोटं वाकवा. आणखी. नाटक नको." आणि हा घाम पुसत वाकवायचा. पहिले काही आठवडे सगळं छान चाललं. मूठ वळायला लागली. तहरीम खूश, मी खूश.

मग पौषात परत दुखायला लागलं. परत त्याच जागी सूज. तहरीमनं मनगट दाबून बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, खरं सांगा. दूध काढलं?"

"न्हाई बाई."

"पाण्याचा हंडा? पोतं? गाडीला किक मारून हँडल धरलं?"

"विठ्ठलाची आन."

"मावशी, हे घरी काय करतात?"

"काही करत नाही गं," मी म्हटलं. "बसून असतो. कीर्तनाला जातो, येतो. मी स्वतः बरोबर असते."

तिनं डॉक्टरांकडं पाठवलं. परत मुठीचा एक्स-रे. ती फट, माउली, ती मेली फट परत दिसायला लागली होती. फार नाही, केसभर. डॉक्टर म्हणाले, "अजून हाताबाहेर गेलेलं नाही. पण हे असंच चाललं तर जोडावंच लागेल." आम्ही परत तहरीमकडं. ती आमच्यावर अशी चिडली, अशी चिडली! म्हणे, कुणीतरी खोटं बोलतंय. मी गळ्यातली माळ हातात धरून शपथ घेतली. दादाभाऊच्या डोळ्यांत पाणी. मला तर वाटायला लागलं, डॉक्टरांनीच काहीतरी कमी बांधलं असेल. रागाच्या भरात मी तसं बोलूनही गेले.

निघालो. तिचा दवाखाना वरच्या मजल्यावर. जिना उतरतोय तोच खालून एक म्हातारे माळकरी गुडघा धरत वर येत होते. दादाभाऊला बघितलं आणि म्हणाले, "रामकृष्णहरी माउली."

"रामकृष्णहरी!" दादाभाऊ म्हणाला. आणि मग त्यानं काय करावं? खर्रकन पट्टा सोडला. पट्टा माझ्या हातात दिला, देवळाबाहेर चपला काढून द्याव्यात तसा. खाली बसला, दोन्ही तळवे पायरीवर टेकले, कपाळ म्हाताऱ्यांच्या पायांवर ठेवलं, आणि मग त्या उजव्या तळव्यावर सगळा भार देऊन उठला.

कट्.

मागनं तहरीमची किंकाळी. "काका!"

ती दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. आणि माउली, मीही बघितलं होतं. त्या दिवशीच नाही. रोज. देवळात, मांडवात, पारावर, दहा पावलांवर एकदा. प्रत्येक वेळी तो पट्टा माझ्याच हातात द्यायचा आणि मी धरून उभी राहायची. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

"तुम्ही म्हणालात तळव्यावर भार देत नाही!" तहरीम ओरडली.

"न्हाईच देत," दादाभाऊ म्हणाला. अगदी खरं वाटून म्हणाला. "ह्ये काम थोडंच व्हतं? नमस्कार व्हता."

"आणि पट्टा का काढला?"

यावर तो बावरला. तिला एवढं साधं कसं कळत नाही, असं त्याच्या तोंडावर. "अगं बाई, घामाचा पट्टा. तो घालून माउलींच्या पायाला हात लावायचा? खेटर घालून देवळात जाशील का?"

तहरीम जिन्यातच बसली. दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हातारे माळकरी एकदा तिच्याकडं, एकदा आमच्याकडं बघतायत. म्हणतात, "माझं काय चुकलं का?"

दवाखान्यात परत नेऊन तिनं हुकूम सोडला. पाया पडणं बंद. पुढचा सप्ताह, त्यापुढची आषाढी, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. लांबून हात जोडायचे. ते पण पट्टा घालून.

ठीक आहे. आता तुम्हाला वाटेल, कारण सापडलं, गोष्ट संपली. हं! कारण सापडणं सोपं असतं हो, माणूस सावरणं अवघड. तो एकटा थोडाच पाया पडतो? समोरचाही त्याच्या पाया पडतो की! आपल्यात उसनं ठेवत नाहीत. समोरचा वाकला आणि आपण ताठ उभं राहिलो, म्हणजे काय झालं? मी त्याच्या पुढं चालायला लागले. पालखीपुढं भालदार चालतात तशी. "पाया पडू नका हो, त्याचं मनगट नाजूक आहे! लांबूनच, लांबूनच!" लोक हसायचे. काही लोक ऐकायचे. काही मुद्दाम पडायचे, त्यांना वाटायचं मी विनयानं म्हणतेय.

गेणू पारावर चार लोकांत म्हणाला, "पुण्यास्नं मनगट ताठ करून आणलं, संगं मान बी ताठ झाली वाटतं." तोच गेणू, ज्यानं गिअर टाकले होते! मी त्याला तिथंच धुवून काढला. पण दादाभाऊच्या कानावर जायचं ते गेलंच. त्या दिवसापासून तो बाहेरच पडेना.

कीर्तनाला चल म्हटलं, नको. काकड्याला चल म्हटलं, नको. "कुणी पाया पडलं तर मी काय करू आक्का? हुबा राहू खांबावानी?" दारातून टाळ ऐकू आले की खिडकी लावून घ्यायचा. मला एका अंगानं बरं वाटायचं, मनगट तरी वाचतंय. तहरीम म्हणायची, सूज उतरली, आता जपा. पण त्याचं जेवण तुटलं. रत्ना एक दिवस चुलीशी बसून म्हणाली, "वन्सं, हात ऱ्हाईल, पण मानूस जाईल असं वाटतंय."

चिडू कुणावर, सांगा! दोरीवर? हिरड्यावर? पायांवर?

चैत्रात गावचा सप्ताह आला. काल्याच्या कीर्तनाला चांगदेवबुवा येणार होते, ज्यांच्याकडून दादाभाऊनं माळ घेतली तेच. मी आदल्या दिवशी बुवा उतरले होते त्या घरी गेले. सगळं सांगितलं. तारा, फट, पट्टा, जिना. म्हटलं, "महाराज, तुम्हीच त्याला सांगा, पाया नाही पडलं तरी चालतं. तुमचं ऐकेल." बुवांनी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली. मी निर्धास्त झाले. माझीच चूक. कीर्तनकाराच्या मान डोलावण्याचा अर्थ 'होय' असतो असं कुणी सांगितलंय?

दुसऱ्या दिवशी दादाभाऊला मी आणि रत्नानं ढकलतच मांडवात आणलं. तो सगळ्यांत मागं, पाण्याच्या टाकीमागं उभा राहिला. हात छातीशी, पट्ट्यात. बुवा आले. लोकांचा लोंढा पायांवर. आणि बुवा त्या लोंढ्यातनं वाट काढत सरळ निघाले ते पाण्याच्या टाकीकडं! मला वाटलं, आता सांगतील. आता समजावतील.

बुवांनी फेटा सावरला आणि ते दादाभाऊच्या पायांवर पडले.

मला त्या क्षणी कपाळ टाकीवर आपटावंसं वाटलं. अहो महाराज! हेच नको होतं ना! गुरू पायांवर पडल्यावर हा माणूस उभा राहील? मेला तरी राहणार नाही! दादाभाऊचं तोंड पांढरंफटक पडलं. डावा हात आपोआप पट्ट्याकडं गेला. खर्र असा आवाज सुरू झालाच होता.

"दाद्या!" मी सगळ्या गावादेखत ओरडले. "पट्टा काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

तो थांबला. माझ्याकडं बघितलं. बुवांकडं बघितलं. बुवा आता उठून हात जोडून समोर उभे. मांडवात सगळ्यांचे डोळे त्याच्या त्या हातावर. मग त्यानं पट्टा परत दाबून बसवला. दोन्ही हात छातीशी धरले, थंडीत धरतात तसे. गुडघे टेकले. आणि हात न टेकता, नुसती मान घालत घालत, कपाळ बुवांच्या पायांवर नेलं. पोचलं. टेकलं.

आणि मग तो उठेना.

उठणार कसा? हात नाहीत. पोत्यासारखा तसाच पडून. बुवांनी वाट बघितली, मग खाली वाकून विचारलं, "दादाभाऊ, काय समाधी लागली का?"

पायापाशी नाक दाबलेल्या आवाजात उत्तर आलं, "न्हाई महाराज. उठता येत न्हाई."

माउली, बुवा हसले. पोट धरून हसले. मग त्याच्या एका काखेत त्यांनी हात घातला, दुसऱ्या काखेत मी, आणि आम्ही त्याला उभा केला. त्याच्या कपाळाला बुक्का आणि धूळ, डोळे वाहतायत, आणि दम लागेपर्यंत हसतोय. बुवा माइकशी गेले आणि एवढंच बोलले, "या गावात आजपासून दादाभाऊ ज्याच्या पाया पडेल, त्यानं त्याला काखेत धरून उठवायचं. न उठवणाऱ्यानं नमस्कार घ्यायचा नाही." आणि कीर्तनाला उभे राहिले. मी चिडले होते ना? तरी त्या दिवशीचं कीर्तन मी जन्मात विसरणार नाही.

त्यानंतर गावाला खेळच सापडला. दादाभाऊ रस्त्यानं निघाला की पाया पडतोय, लोक उचलतायत. तोल जाऊ नये म्हणून मी मागं. गेणूच्या तर तो मुद्दाम पाया पडायचा. गेणू कण्हत उचलायचा, म्हणायचा, "लई जड हाय राव तुजी भक्ती! जरा भाकरी कमी खा." माझी कंबर धरली. तहरीमला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, आता तुम्ही पण नाव नोंदवा माझ्याकडं." मी म्हटलं, भोग आहेत, दुसरं काय. पण तळवा जमिनीला लागला नाही, ते नाहीच लागला.

श्रावणात डॉक्टरांनी परत मुठीचा एक्स-रे काढला. फट वाढली नव्हती. होती तिथं धरली होती. मनगट पहिल्याइतकं मागं वाकत नाही, वाकणारही नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण जोडायची गरज नाही. चाकू धरा म्हणाले, बेतानं.

भाद्रपदात येडगावच्या त्याच बागवाल्यानं बोलावलं. मी बांधावर जाऊन बसले. एवढं लांबचं आता मला दिसत नाही, पण मी त्याच्या खांद्याकडं बघत होते. पूर्वी झटका मनगटातून यायचा, आता कोपरातून आणला त्यानं. सावकाश. पहिली काडी तासली, बघितली, टाकून दिली. दुसरी टाकून दिली. तिसरी चिरेत बसवली आणि पट्टी आवळली. दिवसभरात पूर्वीच्या निम्मं काम झालं असेल. बागवाला म्हणाला, "हूं दे, निम्मं तर निम्मं." पंधरवड्यानं तो स्वतः घरी आला सांगायला की काड्यांचे डोळे फुगलेत, कोंब निघतायत, एखाददुसरी सोडून सगळ्या काड्या धरल्या.

तेव्हा दादाभाऊ म्हणाला, "चल आक्का, जुन्नरला."

तहरीमच्या दवाखान्यात गेलो. तिनं मनगट दाबून बघितलं, खूश झाली, म्हणाली, "काका, आता यायची गरज नाही." दादाभाऊ खुर्चीतनं उठला, हात छातीशी धरले आणि गुडघे टेकायला लागला. ती पोरगी टुणकन मागं सरली, थेट भिंतीला.

"नाही काका! नाही. आमच्यात नाही चालत. अल्लाहशिवाय कुणापुढं डोकं नाही टेकवायचं, आणि कुणाला टेकवू पण नाही द्यायचं."

दादाभाऊ अर्धा वाकलेला, तसाच. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी खरंखुरं 'नको' म्हटलं होतं. तो इतका गोंधळला की मलाच त्याला सरळ करावं लागलं.

"मग तुजं कसं फेडू बाई?" तो म्हणाला.

"फेडायचं काय त्यात? दुवामें याद रखना, प्रार्थनेत आठवण ठेवा, बस."

एसटीतनं आळ्याला उतरल्यावर म्हणाला, "आक्का, मी एकटा याद करून किती करीन? तू बी सांग लोकांला."

म्हणून सांगते, माउली. ते बघा, मृदंगावर थाप पडली, महाराज आले वाटतं. शेवटी सगळे हात जोडून डोळे मिटतील ना, तेव्हा मनात एक नाव घ्या. जुन्नरची तहरीम. नवाबभाई बांगडीवाल्यांची लेक. तेवढी तिची आठवण ठेवा.